तंजावरच्या भिंतीसमोर अकरा मिनिटं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिणेच्या सहलीवर लेख आला होता. तंजावरच्या वाट्याला त्यात दोनच ओळी आल्या: मोठं देऊळ, मोठा नंदी. लेखकाला नावं ठेवत नाही. मी स्वतः जानेवारीत, पोंगल झाल्यावर, साडेसात हजार मोजून तिथं अख्खा दिवस घालवून आलो आणि माझ्याही पदरात त्या दोन ओळींहून फारसं जास्त पडलं नाही. ते का, एवढंच कळवायचं आहे.

मी सांगलीचा. बत्तीस वर्षं छापखान्यात काढली. आधी खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, जुळवले, पुढं मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासली. फार वर्षांपूर्वी मराठ्यांच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक आमच्याकडे छपाईला आलं होतं. त्यातलं तंजावरचं प्रकरण माझ्या हातचं. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरवला, सन १८०३, असं त्यात होतं. पहिल्या प्रुफात ते १८३० पडलं. चिमट्यानं दोन खिळे उचलून मीच अदलाबदल केली, म्हणून तो आकडा डोक्यात बसला तो बसलाच. तेव्हापासून ती भिंत एकदा डोळ्यांनी बघायची होती.

मुलानं एका प्रवासी कंपनीकडे ‘खासगी गाईडसह तंजावर, पूर्ण दिवस’ असं नोंदवून दिलं. गाडी आणि गाईड धरून साडेसात हजार. तिकिटं, जेवण आपलं. फोनवरच्या मुलीला मी दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या, मराठी शिलालेख आणि राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय. ‘हो काका, सगळं कव्हर होतं त्यात,’ म्हणाली. हा ‘कव्हर’ शब्द ऐकला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्रिचीहून साडेआठला निघालो, दहाच्या सुमारास देवळाच्या दारात. गाईड पंचविशीतला पोरगा, गळ्यात ओळखपत्र, बोलणं इंग्रजीत, अधूनमधून चार हिंदी शब्द. नम्र होता, सौ.ची पिशवीसुद्धा त्यानंच धरली. त्यानं पाठ केलेलं सगळं धडाधड म्हणून दाखवलं. राजराज चोळ, १०१० साली देऊळ पूर्ण, शिखराची उंची साठ मीटरच्या वर, सगळं ग्रॅनाइट आणि दगड आजूबाजूला कुठंच मिळत नाही. इथवर ठीक. मग शिखरावरचा धोंडा वर कसा नेला, याची गोष्ट वीस मिनिटं चालली. आणि मग त्यानं आवाज खाली आणून हुकमाचं पान टाकलं: ‘या शिखराची सावली जमिनीवर कधीच पडत नाही.’

तेव्हा आम्ही देवळाच्या उत्तर अंगाला, चंडिकेश्वराच्या छोट्या देवळाजवळ होतो. चपला बाहेर ठेवायच्या असतात आणि जानेवारी असला तरी अकरा वाजता तिथली फरशी तव्यासारखी लागते. सौ. मघापासून फरशीवरच्या एका काळोख्या पट्ट्यात पाय आखडून उभी होती. ती म्हणाली, ‘अहो, मग मी कशात उभी आहे, विचारा की त्याला.’ शिखराचीच सावली होती ती, चांगली ऐसपैस. पोरगा हसला. ‘मॅडम, सगळे टुरिस्ट हेच ऐकायला येतात,’ म्हणाला.

खरं सांगायचं तर त्या भिंतींना असल्या गोष्टींची गरजच नाही. जोत्यापासून वर जिथं बघाल तिथं तमिळ अक्षरं आहेत आणि ती म्हणजे देवळाची रोजकीर्द-खतावणी आहे. मी दिलं ते, माझ्या अक्कानं दिलं ते, राण्यांनी दिलं ते, इतरांनी दिलं ते, सगळं दगडावर कोरा, असा राजराजाचा हुकूमच तिथं कोरलेला आहे. देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत, कोणती कुठल्या गावच्या देवळातून आली आणि इथं कुठल्या ओळीतल्या कुठल्या घरात राहते, यासकट. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायका, पत्त्यानिशी! मला हे आधी वाचलेलं होतं म्हणून माहीत. पोराला मी विचारलं, ती नावं कुठल्या बाजूला आहेत? ‘ओल्ड तमिल, सर, नो बडी रीड्स,’ म्हणून तो पुढं चालू लागला.

शिलालेखाचं मीच काढलं. त्यानं जरा विचार केला आणि प्राकाराच्या, म्हणजे देवळाच्या आवाराभोवतीच्या, भिंतीकडे बोट केलं: ‘यू मीन दॅट हिंदी इन्स्क्रिप्शन?’

गेलो. बाळबोध अक्षर, म्हणजे आपली नागरी. ओळीखाली ओळ, लांबच लांब. उन्हापावसानं आणि लोकांच्या पाठी टेकून टेकून काही अक्षरांच्या कडा बुजलेल्या. छापील मजकुराला सरावलेल्या डोळ्याला पहिली अडचण येते ती शब्द तोडण्याची. आपण दोन शब्दांत जागा सोडतो, तसला मोकळा वारा तिथं नाही. शिरोरेघ आपली चाललेली. पण मुद्रित वाचणारा ओळ वाचत नाही, अक्षर वाचतो. मी बोट हवेत धरून सरकवत गेलो. आधी काही लागेना, मग एका जागी ‘शाहाजी’ लागलं, पुढं ‘येकोजी’. येकोजी म्हणजे व्यंकोजीराजे, शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ; १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं ते त्यांनी. तिथून १८५५ पर्यंत, म्हणजे इंग्रजांनी वारस नाही म्हणून राज्य खालसा केलं तोवर, भोसले तिथं नांदले. एकशे ऐंशी वर्षं. पेशवाईपेक्षा जास्त!

मी तोंडानं पुटपुटत असणार. कारण मागून आवाज आला, ‘काय लिहिलंय, वाचा की मोठ्यानं.’ वळून बघतो तर वेष्टी नेसलेले, कपाळाला विभूती लावलेले सत्तरीचे गृहस्थ. मराठी, पण चाल तमिळची, वाक्याचं शेपूट किंचित वर उचललेलं. तंजावरचेच, पिढ्यान् पिढ्यांचे. घरात मराठी बोलतात, म्हणाले. पण शाळा तमिळ झाली, त्यामुळं ही लिपी येत नाही. वडील लहानपणी इथं आणून भिंत दाखवायचे आणि सांगायचे, ही आपली. वडिलांनाही ती वाचता येत नव्हती.

मग मी वाचत गेलो आणि ते कान देऊन उभे. अडलो की थांबायचो, ते ‘हं’ म्हणायचे. सौ.सुद्धा पाय भाजायचं विसरून जवळ आली. मध्येच कोकणातला की घाटावरचा कुठलासा आपला एक घोळका आला, त्यांच्यातल्या कोणी तरी सांगितलं की हे मराठीत आहे, आपल्या राजाचं आहे. लगेच घोषणा झाल्या, भिंतीकडे पाठ करून फोटो झाले, निघून गेले. एकानंही एक ओळ वाचली नाही. या सगळ्यांना लिपी येत होती हो!

अकरा मिनिटं झाली. घड्याळात बघून सांगतो, कारण गाईड दोनदा घड्याळ दाखवून गेला. देऊळ साडेबाराला बंद होतं, पुढचा ‘पॉइंट’ आहे, चला. त्या गृहस्थांनी हात जोडले. नाव विचारायचंही राहिलं.

पुढचा ‘पॉइंट’ म्हणजे दुकान. आधी तंजावर चित्रांचं, मग पितळी मूर्तींचं, मग रेशमाचं. चित्रांची कला खरीच देखणी. फणसाच्या लाकडाची फळी, त्यावर कापड, लेपानं उठाव आणि वर सोन्याचा वर्ख. पण कारागीर दाखवतो म्हणून नेलं तिथं एक बाई दहा मिनिटं ब्रश धरून बसली आणि आमच्यामागं गल्ल्यावरचा माणूस दीड तास. सौ.नं शेवटी डोलणारी बाहुली तेवढी घेतली, सहाशेला. तीच बाहेर फुटपाथवर दीडशेला होती.

जेवताना पोरानं सांबाराची गोष्ट सांगितली. संभाजीराजे पाहुणे आले, आमटीला आमसूल मिळेना, चिंच घातली, म्हणून सांबार. पुरावा कोणी दाखवत नाही, पण गोष्ट चविष्ट आहे, सौ.नंही एक वाटी जास्त घेतली.

राजवाड्यात पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. दरबार हॉलचे रंगवलेले खांब चालता चालता बघितले. चोळांच्या पंचधातूच्या मूर्ती तर धावत. आणि सरस्वती महालाला उरली वीस मिनिटं! तिथं पन्नास हजारांच्या घरात हस्तलिखितं आहेत, त्यात तीन हजारांवर मराठी. ती भिंत कोरवणारे सरफोजीराजे म्हणजे हेच दुसरे सरफोजी, राज्य १७९८ ते १८३२. जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांच्या हाताखाली शिकलेले, डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं चित्रांसकट करून ठेवणारे. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे १८०५ साली वाड्यात नागरी छापखाना घालणारे. इसापच्या गोष्टी मराठीत करून तिथं १८०६ ला छापल्या. पुण्यामुंबईत मराठी पुस्तकं छापू लागण्याच्या कितीतरी आधी. ते खिळे कसे होते, जोडाक्षरं कशी पाडली होती, तिथल्या कोणाला तरी विचारायचं ठरवून मी दोन कागद लिहून नेले होते. ते तसेच खिशात घेऊन परत आलो, कारण आतल्या शिपायानं दिवे मालवायला सुरुवात केली होती.

आता तक्रार. दुपारी देऊळ बंद असतं म्हणून दुकानं घालावी लागतात, असं कंपनीनं नंतर फोनवर सांगितलं. देऊळ साडेबारा ते चार बंद असतं, बरोबर. पण राजवाडा ऐन दुपारी उघडा असतो, जेवणाच्या सुट्टीपुरतं काय बंद होईल तेवढंच. म्हणजे सकाळी देऊळ, दुपारी राजवाडा आणि ग्रंथालय, चारनंतर पुन्हा देऊळ, फरशी निवल्यावर. दिवस आपोआप जुळतो. हे मला सांगलीत बसून कळतं आणि रोज माणसं पाठवणाऱ्यांना कळत नाही, हे पटत नाही.

परतताना गाडीत मी पोराला सरळच विचारलं, तुला किती मिळतात? साडेसात हजारांतले बाराशे. बाकी दुकानदार देईल ते. पाहुण्यांनी काही घेतलं नाही तर तेही नाही. त्या दिवशी आमच्या सहाशेच्या बाहुलीवर त्याला काय सुटलं असेल? त्याच्यावरचा माझा राग तिथंच उतरला. मग मी कंपनीला लेखी कळवलं, गाईडची रक्कम वेगळी दाखवा, ती वाढवा, मी देतो, पण दुकान नको. उत्तर आलेलं नाही.

मराठी माणसांना तंजावरला नेणाऱ्या कंपन्या आता पुष्कळ झाल्या आहेत. त्यांच्या पत्रकात ‘बृहदीश्वर मंदिर, पॅलेस, शॉपिंग’ असं असतं. शिलालेखाचं नाव नसतं, ग्रंथालयाचंही नसतं. ते छापा, आणि पुढं किती वेळ देणार तोही छापा. भिंतीजवळ हा मजकूर काय आहे हे तमिळ, मराठी आणि इंग्रजीत सांगणारा एक फलक हवा; मला तरी तसा दिसला नाही. देऊळ चोळांचं आहे, आपण तिथं एका भिंतीचे भाडेकरू, हे त्या फलकावर आधी यावं. आजही ते तंजावर राजवाड्याच्या देवस्थानाकडे असलेल्या अठ्ठ्याऐंशी देवळांपैकी एक आहे, हेही त्याखाली येऊ द्या.

घरी आल्यावर मी त्या गाईड पोराला मोबाइलवर चार नावं नागरीत आणि शेजारी इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवली: शहाजी, येकोजी, शिवाजी, सरफोजी. पुढच्या पाहुण्यांना निदान ही शोधून दाखव आणि हिंदी म्हणू नकोस, असंही लिहिलं. आठ दिवसांनी त्याचा फोटो आला. भिंतीवरच्या ‘शाहाजी’वर त्याचं बोट, आणि खाली प्रश्न: सर, पहिली ओळ नेमकी कुठून सुरू होते? तेवढं मलाही बघायला मिळालेलं नव्हतं. पुढच्या जानेवारीत तंजावरातच दोन रात्री मुक्काम करणार आहे, तेव्हा बघून सांगतो, असं त्याला कळवलंय.

आपला नम्र,
एक जुना जुळारी, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)