नवीन पोरं साइटवर टिकतील, पण कोणी शिकवलं तर

संपादक साहेब,

मी वीस वर्षं पुण्यात गवंडीकाम करतोय. सकाळी वारजेच्या मजूर अड्ड्यावर नवीन पोरं दिसतात, लातूर-बीडकडची, कोणी बारावी झालेलं, पण आठ-दहा दिवसांत गायब, कारण त्यांना कोणी काही शिकवतच नाही, नुसतं घमेलं डोक्यावर आणि वरून मुकादमाच्या शिव्या. मागच्या महिन्यात एकाच्या हातात मी ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का बघायचं दोरीला टांगलेलं वजन) दिला, तर दोरी हलायची थांबेपर्यंत पोरगं श्वास रोखून बघत होतं, आता रोज माझ्या आधी हजर असतं. एवढंच लागतं हो! सुरुवातीला जुन्या मिस्त्रीबरोबर जोडी, हेल्मेट-बूट पहिल्याच दिवशी, पगार आठवड्याला हातात.

आणि १९९६ च्या कायद्यापासून बिल्डरकडून बांधकाम खर्चाच्या १ टक्का सेस (उपकर) कामगारांसाठी जमा होतो, पण त्याचा फायदा मिळायला बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव लागतं, आणि ते नोंदवायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो रोज ठेकेदार बदलणाऱ्या पोराला देणार कोण? सही मागितली की ठेकेदार फोन उचलत नाहीत. महापालिकेच्या आणि मंडळाच्या माणसांनी आठवड्यातून एक सकाळ अड्ड्यावरच टेबल टाकून बसावं, सातच्या आत, नंतर तिथे कोणी सापडत नाही.

– एक गवंडी, वारजे, पुणे