जनगणनेतला मातृभाषेचा रकाना अंदाजाने भरू नका

संपादक महोदय,

तुर्कस्तानच्या आग्नेयेला तूर अब्दीन भागात सुरयानी भाषा बोलणारे ख्रिस्ती आणि कुर्द शेजारी नांदत. १९१५ चा ख्रिस्त्यांचा संहार, १९६० नंतर जर्मनी-स्वीडनकडे लागलेली रीघ आणि १९९० च्या दशकातला तुर्की लष्कर व कुर्द बंडखोर यांच्यातला संघर्ष यांत कित्येक गावांतून सुरयानी उठले. किती, याचा नेमका हिशेब लागत नाही, कारण १९६५ नंतर तिथे जनगणनेतले मातृभाषेचे आकडे छापलेच गेले नाहीत.

आपल्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना आहे. तो भरतानाच बिघडतो. मेळघाटात एकाच गावात कोरकू, गोंड, गवळी राहतात. प्रगणक दारात हिंदीत विचारतो, उत्तर हिंदीत येते आणि कागदावर ‘हिंदी’ पडते. नियम असा आहे : लहानपणी आई त्या व्यक्तीशी जी भाषा बोलायची, ती मातृभाषा. आई तान्हेपणीच वारली असेल, तर घरात बोलली जाणारी. कुटुंबप्रमुखाची भाषा सगळ्यांपुढे ओढायची नाही. सून दुसऱ्या बोलीची असू शकते. मराठी-हिंदीसाठी ‘येत असलेल्या इतर भाषा’ हा वेगळा रकाना आहेच.

गणनेच्या संपूर्ण काळात कामाला बाहेर असलेले कुटुंब गावात नव्हे, तर असेल तिथे मोजले जाते. तिथे ठेकेदाराने परस्पर उत्तर दिले, की कोरकू भाषा गळालीच. जळगाव जामोदकडच्या निहाली या छोट्या भाषेचे तर फारच वाईट वाटते : १०,००० पेक्षा कमी भाषकांच्या मातृभाषेला तक्त्यात स्वतंत्र ओळच मिळत नाही.

फेब्रुवारी २०२७ च्या गणनेआधी प्रगणकांकडून या एका रकान्याचा सराव करून घ्यावा, आणि कोरकू पाड्यांवर कोरकू जाणणारा शिक्षकच नेमावा.

– काही शिक्षक, ता. धारणी, जि. अमरावती