'शेवट धक्कादायक' असे सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाचनाच्या शिफारशींमध्ये भयकथेच्या वाट्याला बहुधा एकच ठरलेली ओळ येते: 'अंगावर काटा आणणारी कथा, शेवट तर धक्कादायक!' इंटरनेटवर आज वाचण्याजोग्या लघु भयकथांची कमतरता नाही. त्यातली चांगली कथा शोधायची कशी आणि दुसऱ्याला सुचवायची कशी, ही दोन कौशल्ये मात्र दुर्मिळ आहेत. वरची ओळ या दुसऱ्या कौशल्याचा अभाव दाखवते, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

पायाखालची जमीन कुठे खचणार हे वाचकाला ठाऊक नसते, यावर छोटी भयकथा उभी असते. शेवटी धक्का आहे एवढे सांगितले की वाचक पहिल्या परिच्छेदापासून हिशेब मांडू लागतो. खोटे कोण बोलतेय? आधीच मेलेले कोण आहे? निवेदक आरशात एकदाही का दिसत नाही? पाच पानांच्या कथेत अशी शोधाशोध तिसऱ्या पानावर यशस्वी होते. शेवट न सांगताही तो फोडता येतो, तो असा. 'झोप उडेल' या शब्दांचा त्रास वेगळा. ते ऐकलेला माणूस 'बघू कशी उडते' म्हणत हाताची घडी घालूनच वाचायला बसतो. विनोद सांगण्याआधी 'हसून हसून पोट दुखेल' म्हणणाऱ्याचे जे होते, तेच इथे होते.

मग सांगायचे काय? एक जुने उदाहरण घेऊ. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची 'द मंकीज पॉ' ही १९०२ मधली कथा बहुतेकांनी वाचलेली किंवा निदान ऐकलेली असते. तिची शिफारस अशी करता येईल: 'थंड, पावसाळी रात्र. घरात आई, वडील आणि तरुण मुलगा. बुद्धिबळाचा डाव मांडलेला. पाहुणा येतो आणि तीन इच्छा पुरवणारा, माकडाचा वाळलेला पंजा मागे ठेवून जातो. तीन भागांची कथा, साधारण चार हजार शब्द. रक्तपात डोळ्यांसमोर घडत नाही, भीती कल्पनेवर सोडलेली आहे. घरातल्या माणसाच्या जाण्याचे दुःख ताजे असेल तर सध्या बाजूला ठेवा.' एवढ्यात लांबी, वातावरण, भीतीची जात आणि कोणी वाचू नये हे सगळे आले, आणि तिसऱ्या इच्छेबद्दल एक अक्षरही फुटले नाही. पहिल्या चतुर्थांशात जे उघड होते तेवढेच सांगायचे, हा माप घेण्याचा सोपा नियम आहे. चार हजार शब्दांच्या कथेत पहिले हजार शब्द तुमचे, उरलेले वाचकाचे.

भीतीची जात सांगणे सर्वांत महत्त्वाचे, आणि सगळीकडे तेच गाळले जाते. मराठीत 'भयकथा' या एकाच पाटीखाली फार वेगळ्या गोष्टी राहतात. काही कथा दचकवतात. काही किळस आणतात: शरीर सडते, बदलते, त्यातून काहीतरी बाहेर येते. काहींत काहीच घडत नाही, फक्त खोलीतली एक वस्तू रोज थोडी सरकते आणि वाचकाची धास्ती वाढत जाते. काहींत भूत खरे की निवेदकाचे डोके फिरलेले, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. अशा न सुटणाऱ्या कथेचा चाहता किळसवाण्या कथेवर वैतागतो आणि दोष कथेला देतो, खरे तर चूक शिफारशीची असते. 'संथ', 'उत्तर न देणारी', 'शारीरिक', 'पारंपरिक भुताची' अशा एकेका शब्दाने हा घोळ टळतो. 'उत्तर देत नाही' हे तर आवर्जून सांगावे. ते शेवट फोडत नाही, आणि 'पुढचं पान कुठे गेलं?' अशी तक्रारही येत नाही.

लांबी मिनिटांत सांगावी. मिनिटाला दोनशे शब्दांचा वेग धरला तर पाच हजार शब्दांना पंचवीस मिनिटे लागतात. परक्या भाषेत वाचणाऱ्याने त्यात निम्मी वेळ आणखी मिळवावी. ऐकायची कथा असेल तर मिनिटाला दीडशे शब्द धरा, म्हणजे साडेचार हजार शब्दांचा अर्धा तास. भयकथा एका बैठकीत संपली पाहिजे. मध्ये फोन आला, चहा झाला की साचलेली धास्ती उतरते आणि पुन्हा सुरुवातीपासून चढवावी लागते.

सावधगिरीच्या सूचनेवर काही वाचक नाक मुरडतात, तिने मजा जाते म्हणतात. सूचना नीट लिहिली नाही तर ती मजा जाते, हे खरे. 'धाकट्या मुलीचा विहिरीत मृत्यू' ही सूचना नव्हे, सारांश झाला. 'बालमृत्यू' एवढे पुरे: कोणाचा, केव्हा, कसा हे नको. आत्महत्या, लैंगिक हिंसा, मुलांवरचे किंवा प्राण्यांवरचे अत्याचार, गर्भपात या गोष्टी नोंदवाव्यात. नोंद शिफारशीच्या तळाशी, वेगळ्या ओळीत असावी, म्हणजे ज्याला नको तो ती टाळून पुढे जातो.

आता शोधण्याकडे वळतो. 'सर्वांत भीतीदायक दहा कथा' अशा याद्यांवर विसंबू नये. त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि त्यांत तीच सात-आठ नावे फिरत राहतात. त्याऐवजी संपादक धरावा. कथा आवडली की लेखकाचे नाव सगळेच लक्षात ठेवतात. ती निवडणाऱ्याचे नाव टिपून ठेवले तर त्याच चवीच्या आणखी पन्नास कथांचा पत्ता लागतो. इंग्रजीत 'नाइटमेअर' हे मासिक ऑक्टोबर २०१२ पासून निघते. त्याच्या कथा महिनाभरात एकेक करून संकेतस्थळावर मोफत येतात, ज्याला धीर नाही त्याने पूर्ण अंक विकत घ्यावा. 'द डार्क' २०१३ पासून चालू आहे, त्याचा कल संथ, उदास कथांकडे अधिक. 'स्यूडोपॉड' हे पॉडकास्ट २००६ पासून भयकथा वाचून ऐकवते. ऐकण्याचा एक फायदा असा की डोळे पुढच्या ओळीवर उडी मारू शकत नाहीत.

अशा नियतकालिकांना महत्त्व येण्याचे एक अलीकडचे कारणही आहे. 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथांच्या मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे कथा स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले होते. भयकथेलाही हा लोंढा चुकलेला नाही. जिथे कोणी चाळणी लावत नाही, तिथे धुके, जुना वाडा आणि 'तेवढ्यात मागून आवाज आला' यांचे तेच मिश्रण वाचकाच्या पुढ्यात येऊन पडते.

पुरस्कारांचा उपयोग विजेता पाहण्यापुरता करू नये, अंतिम यादी पाहावी. हॉरर रायटर्स असोसिएशनचे ब्रॅम स्टोकर पुरस्कार १९८७ च्या साहित्यापासून दिले जातात आणि त्यांत सभासदांचे मतदान असते. शर्ली जॅक्सन पुरस्कार २००७ च्या साहित्यापासून सुरू झाले, तिथे निवड परीक्षक करतात आणि मनोवैज्ञानिक, अंधाऱ्या अद्भुताकडे झुकणाऱ्या कथांनाही जागा असते. दोन्हीकडे लघुकथा म्हणजे साडेसात हजारांपेक्षा कमी शब्दांची. यादीतली प्रत्येक कथा मोफत मिळेलच असे नाही. कंसात पुस्तकाचे नाव असेल तर ती संग्रहातली, मासिकाचे असेल तर बहुधा संकेतस्थळावर सापडते. एलन डॅटलो २००९ पासून वर्षातल्या निवडक भयकथांचा खंड संपादित करतात. त्यातल्या कथांइतकीच उपयोगी त्याच्या शेवटची उल्लेखनीय कथांची यादी. बारीक टंकातली ती पाने बहुतेक जण उलटून टाकतात, आणि घबाड तिथेच असते.

एखादा लेखक आवडला की 'इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस'वर त्याचे नाव टाकावे. कोणती कथा कोणत्या वर्षी, कोणत्या अंकात आली आणि पुढे कोणत्या संग्रहांत गेली, हे तिथे ओळीने दिसते. मासिक बंद पडून दुवा मेला असेल तर जुना पत्ता 'वेबॅक मशीन'मध्ये टाकून पाहावा, बरेचदा पान तिथे जपलेले असते. जुन्या कथांसाठी 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' आणि वाचून दाखवलेल्या कथांसाठी 'लिब्रिव्हॉक्स' ही स्वामित्वहक्क संपलेल्या साहित्याची मोफत संकेतस्थळे पुरेशी आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मोकळे होते. म्हणून १९३६ मध्ये निवर्तलेल्या एम. आर. जेम्स यांच्या भूतकथा कोणीही मराठीत आणून प्रसिद्ध करू शकतो. दुसऱ्याने केलेल्या अनुवादावर मात्र त्या अनुवादकाचा हक्क असतो, हे विसरले जाते.

मराठी कथा शोधताना अडचणी वेगळ्या. नुसते 'भयकथा' टाकून भागत नाही. 'गूढकथा', 'भूतकथा', 'भुताची गोष्ट' हे शब्दही टाकावे लागतात. मालिकांचा मारा नको असेल तर शब्दानंतर जागा सोडून उणे चिन्ह लावावे आणि त्याला चिकटून 'भाग' लिहावे, म्हणजे 'भाग १, भाग २' वाली पाने बरीच गळतात. मालिका वाचायचीच असेल तर एकूण वाचनसंख्येला भुलू नये. जिथे भागागणिक आकडा दिसतो तिथे पहिल्यापासून शेवटच्या भागापर्यंतचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वाचक कुठे गळले ते त्यावरून कळते, आणि सगळे एकाच भागानंतर गळले असतील तर तिथे कथा ताणायला सुरुवात झालेली असते. 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी या प्रकारातला जुना पेहराव आहे, तिच्यावरून कथा निवडूही नये आणि नाकारूही नये.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे फिरत येणारी निनावी कथा. लेखकाचे नाव कापलेले, खाली 'संग्रहित' किंवा 'आवडली तर पुढे पाठवा'. तिचा मूळ लेखक शोधता येतो. कथेच्या मधल्या भागातले सात-आठ शब्दांचे एखादे वळणदार वाक्य निवडून दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधावे. सुरुवातीचे वाक्य नको, उतरवून घेणारे तेच आधी बदलतात. पात्रांची व गावांची नावे असलेले वाक्यही नको, कारण तीही बदललेली असतात. एक खाच ध्यानात ठेवावी: 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला अर्धा र संगणकावर दोन निरनिराळ्या पद्धतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण अवतरणचिन्हांत शोधताना जुळत नाहीत. म्हणून असे शब्द नसलेले वाक्य घ्यावे. कथा चित्राच्या रूपात फिरत असेल तर एक ओळ हाताने टंकावी किंवा फोनमधल्या मजकूर ओळखणाऱ्या सोयीने उतरवून घ्यावी. एवढे करूनही लेखक सापडला नाही तर ती कथा सुचवू नये.

आपल्या दैनिकाने आठवड्याला एका कथेची छोटी चौकट सुरू करावी, अशी विनंती आहे. ऐंशी-नव्वद शब्द पुरतील. कथेचे नाव, लेखक, असल्यास अनुवादक, मासिक, अंकाचा महिना आणि वर्ष हे द्यावेच. कथा परभाषेतली असेल तर तिचे आणि लेखकाचे नाव मूळ लिपीतही छापावे. या पत्रातली मासिकांची नावे देवनागरीत खपून जातील, ती रुळलेली आहेत. पण अनोळखी लेखकाच्या नावाचा उच्चार देवनागरीत आला की त्यावरून मूळ स्पेलिंग गाठता गाठता वाचक दमतो. लांबलचक पत्ता छापण्यात अर्थ नाही, तो टंकणार कोण? त्याऐवजी क्यूआर कोड द्यावा, बाजू दोन सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी, भोवती पांढरी चौकट मोकळी ठेवावी आणि कोड काळ्या शाईतच असावा. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे लहान किंवा रंगीत कोड फोनला बरेचदा वाचता येत नाही. त्यामागे मासिकाच्या पानाचा मूळ पत्ता असावा, आखूड केलेला दुवा नको. आखूड दुव्यांची सेवा बंद पडली की जुन्या अंकांतल्या सगळ्या चौकटी एकदम मुक्या होतात. मूळ पत्ता लांब असेल तर कोडमधले ठिपके दाट होतात, तेव्हा बाजू तीन सेंटिमीटर करावी. आणि छपाईला जाण्याआधी तो एकदा पडद्यावरून नव्हे, कागदावरच्या नमुना प्रतीवरून उघडून पाहावा.

आपला,
एक भयकथावाचक