पॅचवर नसलेल्या नावाला

आदरणीय भाई,

सप्रेम नमस्कार.

लिनक्सच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नेलमधली, चूक दुरुस्त करणारा पॅच गेला, पण 'सजेस्टेड-बाय'च्या, म्हणजे सुचवणाऱ्याचं नाव लिहायच्या, ओळीत तुम्ही तुमचं नाव घालू दिलं नाहीत. सुचवणाऱ्याला विचारल्याशिवाय ती ओळ लिहायची नाही असं कर्नेलच्या कागदपत्रांतच आहे, त्यामुळे माझा इलाज चालला नाही. पत्राला मात्र असा नियम नाही. नाव इथेही घेत नाही. आमच्या डिचोलीच्या वाचनालयात येणाऱ्यांना ते सांगावं लागणार नाही.

अभ्यासिकेचं इंटरनेट ज्या लिनक्स मशीनमधून जातं, त्यात दोन नेटवर्क कार्डं आहेत. बाहेरून येणारी लाइन बोर्डावरच्या नव्या कार्डाला, आणि आतली मुलांची मशीन्स पीसीआय स्लॉटमधल्या जुन्या कार्डाला. रॅम 2 जीबीची 8 जीबी केली आणि मशीन गुदमरायला लागलं. मेमरी संपली की चालू प्रोग्रॅम बंद पाडणारा ओओएम किलर एकेक प्रोसेस मारायचा, पण मेमरी अडकलेली कर्नेलच्या स्लॅबमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या साठ्यात, मग मारून सुटणार काय? कुणी म्हणालं रॅम खराब, कुणी म्हणालं रोज रात्री क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, रीबूट कर. रीबूटचा सल्ला देणाऱ्यांचा मला राग नाही, गोव्यातली वीज ते काम अधूनमधून फुकटात करतेच.

तुम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतताना आलात, पिशवी टेबलाखाली सरकवलीत आणि स्लॅबचा हिशेब दाखवणारा स्लॅबटॉप लावायला सांगितलंत. एसकेबीचा, म्हणजे पाकीट वाहणाऱ्या रचनेचा आकडा नुसता चढत होता. मग केमेमलीक, म्हणजे कर्नेलमधली मेमरीची गळती शोधणारी सोय, चालू करून कर्नेल बांधायला लावलात. ही सोय 2009 पासून, 2.6.31 आवृत्तीपासून कर्नेलमध्ये आहे, आणि मी ती कधी उघडूनही बघितली नव्हती. अहवालात बोट दाखवलेलं होतं नव्या कार्डाच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या कोडकडे. मी तोच कोड उकरायला बसणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "केमेमलीक वाटप कुठे झालं ते सांगतो, कुठे हरवलं ते नाही. पाकीट आत घेतलं ह्याने. बाहेर कोण सोडतो?"

जुनं कार्ड. ते 32 बिटांचे पत्तेच ओळखतं, म्हणजे 4 जीबीच्या वरची मेमरी त्याला दिसतच नाही. वरच्या पाकिटांना एसडब्ल्यूआयओटीएलबीच्या, म्हणजे खालच्या मेमरीत राखलेल्या मधल्या जागेच्या, फेरीबोटीतून खाली यावं लागतं, आणि ती बोट साधारण 64 एमबीची. गर्दी झाली की भरली. भरली की डीएमए मॅपिंग, म्हणजे कार्डाला पाकिटाचा पत्ता देणं, फसतं, आणि नेमक्या त्याच वाटेवर जुन्या कार्डाचा ड्रायव्हर 'टीएक्स ओके', म्हणजे पाकीट घेतलं, म्हणून परतत होता, पाकीट मोकळं न करता. 2 जीबी असताना वर काही नव्हतंच, म्हणून त्या वाटेने कधी कुणी गेलंच नाही. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नेलच्या नोंदींत, 'बफर फुल'च्या ओळी कधीपासून पडून होत्या.

उपाय एका ओळीचा होता, पण त्याआधी तुम्ही माझ्याकडून पाकीट बाहेर पाठवणारं ट्रान्समिटचं पूर्ण फंक्शन वाचून घेतलंत. प्रत्येक रिटर्नपाशी एकच प्रश्न: "आता हे कुणाच्या ताब्यात?" 'ओके' म्हटलं तर पाकीट ड्रायव्हरचं, पाठवता आलं नाही तरी विल्हेवाट त्यानेच लावायची. 'बिझी' म्हटलं तर ते वरच्या थराचं, त्याला हात लावायचा नाही. लावलात तर गळती राहिली बाजूला, तेच पाकीट दोनदा मोकळं होऊन मशीन कोसळेल. हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा तुमच्या त्या कंटाळवाण्या, न थकणाऱ्या प्रश्नाने शिकवलं.

चूक मुळात कुठून आली ते सांगणाऱ्या 'फिक्सेस' ओळीसाठी जुना कमिट, म्हणजे कोडमधला तो बदल, शोधताना तुम्ही त्या मूळ लेखकाला एक शब्द बोलला नाहीत, हेही माझ्या लक्षात आहे. मी बोलत होते.

पॅच स्वीकारला गेला. मशीन चवथीच्या सुट्टीतही बंद केलं नाही, एसकेबीचा आकडा चढतो आणि उतरतो.

आता एक विचारायचं आहे. त्याच ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये, म्हणजे कार्ड सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये, नोंदणी फसल्यावरच्या वाटेवर, मला घेतलेली मेमरी परत करणारं 'फ्री नेटडेव्ह' कुठेच दिसत नाही. येत्या शुक्रवारी बाजारातून येताना जरा डोकावाल का? चहा मी सांगून ठेवते. आणि ह्या वेळी ती ओळ लिहू द्या.

तुमची,
वाचनालयातली