मेट्रोच्या 732 कोटींचा हिशेब

संपादक महोदय,

मी नागपूरजवळच्या वानाडोंगरीत राहतो. उभी हयात लेखा शाखेत गेली, त्यामुळे दोन आकडे जुळले नाहीत की अजूनही जेवण गोड लागत नाही.

हिंगण्याकडे येणाऱ्या मेट्रोचं श्रेय कुणाचं, यावरून आमच्या चौकातल्या टपरीवर तर्री-पोह्यांबरोबर रोज जुंपते. एक म्हणतो पैसा दिल्लीचा. दुसरा म्हणतो, राज्याने वाटा उचलला नसता तर दिल्लीने काहून दिला असता? नेत्यांचं भांडणही याच्या पुढे जात नाही, फक्त त्यांच्यासमोर माईक असतो.

आमची हिंगण्याची मेट्रो नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात येते. फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या टप्प्याचा आकडा होता 5,976 कोटी. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली डिसेंबर 2022 मध्ये, 43.8 किलोमीटरसाठी, 6,708 कोटींना. मधल्या बावीस महिन्यांत दिल्लीत भाजप. मुंबईत जून 2022 पर्यंत महाविकास आघाडी, नंतर शिंदे-फडणवीस. फाइल कुणाच्या टेबलावर अडकली होती, यावर दोन्हीकडचे तासभर बोलतील. 732 कोटी कशापायी वाढले, हे विचारलं की चहा थंड होतो.

आणि 'आम्ही दिले' म्हणजे किती? पहिल्या टप्प्यात केंद्राचे 20 टक्के, राज्याचे 20, महापालिका आणि नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) यांचे पाच-पाच, उरलेलं निम्मं जर्मनी-फ्रान्सच्या संस्थांचं कर्ज. महापालिकेच्या पाच टक्क्यांचं बॅनर मी तरी कुठे पाहिलं नाही. ते कुठून येतात, हे घरटॅक्स भरणाऱ्याला सांगायला नको.

मागच्या वर्षी मुलाने जयताळ्याला 32 लाखांचा फ्लॅट घेतला. दस्तलेखकाने पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने मुद्रांक शुल्काची फोड करून दाखवली. खाली वेगळी ओळ: मेट्रो अधिभार, 1 टक्का, 32,000. कोरोनात माफ असलेला हा अधिभार एप्रिल 2022 पासून पुन्हा सुरू झाला. मुलगा म्हणाला, "बाबा, आपलंही एखादं बॅनर लावून टाकू." तो कागद मी जपून ठेवला आहे. आणि मी स्वतः? अजून शेअर ऑटोत चौथा बसून लोकमान्य नगर स्टेशन गाठतो.

मेट्रो नको असं माझं म्हणणं नाही. सीताबर्डीपर्यंत गारव्यात बसून जाणं या वयात फार सुखाचं आहे. मागणी एवढीच: केंद्र, राज्य, महापालिका, नासुप्र आणि कर्ज, प्रत्येकाकडून कोणत्या वर्षी किती यायचे होते आणि किती आले, तसंच नागपुरात अधिभार किती जमला आणि त्यातला मेट्रोला किती पोचला, हे दर तिमाहीला जाहीर करा. वेगळा फलक नको. कामाभोवती पत्रे ठोकलेच आहेत, त्यांवरच रंगवा. नेत्यांचे फोटो थोडे वर सरकवले की जागा निघेल.

आपला,
एक निवृत्त लेखापाल,
वानाडोंगरी, नागपूर