मालदीवची नोकरी घेऊ का म्हणतोस, तर ऐक

अमळनेर, डिसेंबर

प्रिय गड्या,

कसं काय शे? धडगावला तुझा फोन लागणं म्हणजे नशिबाचा भाग, म्हणून सरळ कागद घेतला. एजंटने मालदीवच्या शाळेतली मास्तरकीची जागा सांगितलीय, जाऊ का, असा तुझा निरोप मिळाला. मी तिथल्या शाळेतून सुट्टीवर आल्यापासून गल्लीत जो भेटतो तो एवढंच विचारतो, "मास्तर, पगार किती?" तू ते विचारलं नाहीस, पण पैशाचं आधी उरकून टाकतो.

पगार आपल्या तासिका तत्त्वावरच्या मानधनापेक्षा कितीतरी बरा. इथे संस्थेत चिकटायला काय मोजावं लागतं ते तुला नव्याने काय सांगू! पण पगार होतो तिथल्या चलनात, रुफियात. कागदावर डॉलरला 15.42 रुफिया असा बांधीव दर आहे. त्या दराने बँकेतून हवे तेवढे डॉलर मात्र मिळत नाहीत, मर्यादा असते. उरलेले बाहेरून चढ्या भावाने घ्यावे लागतात. म्हणून एजंट जो आकडा सांगतो त्याला रुपयांनी गुणून शेत घ्यायची स्वप्नं बघू नकोस. घरभाडं कोण भरणार आणि सुट्टीचं तिकीट मिळणार का, हे करारात वाचल्याशिवाय सही करू नकोस.

आता खरं जगणं. त्रिवेंद्रमहून विमानाने राजधानी माले. गाव लांबच्या अ‍ॅटॉलवर, म्हणजे बेटांच्या कड्यावर, असलं तर पुढे आणखी एक विमान नाहीतर स्पीडबोट. सुमारे बाराशे बेटं, त्यातल्या दोनशेच्या आत-बाहेर बेटांवर वस्ती. माझं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला अर्धा तास लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला डोंगरच नाही हे पचायला वेळ लागतो. सगळ्या देशात नैसर्गिक उंचवटा असा नाहीच, सर्वांत उंच जागासुद्धा समुद्रापासून जेमतेम काही मीटर. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तसा तिथे कधी टेकत नाही, पण शर्ट बाराही महिने अंगाला चिकटलेला. विहिरीचं पाणी मचूळ. प्यायला टाकीत साठवलेलं पावसाचं नाहीतर खारं पाणी गोडं केलेलं.

जेवणाचं सविस्तर लिहितो, कारण तू अर्धा शाकाहारी आणि पूर्ण हट्टी. सकाळी मास हुनी: ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची हाताने कुस्करून लिंबू पिळायचं आणि रोशीबरोबर खायचं. रोशी म्हणजे पातळ चपातीच. चव बरी लागते हे मी कबूल करतो. दुपारी गरुधिया, माशाचं पातळ पाणी आणि भात. भाजीपाला बोटीने येतो. समुद्र खवळला की बोट येत नाही आणि दुकानात कोबीचे दोन सुकलेले गड्डे उरतात. कांदा मात्र बहुतेक आपलाच. भारत सरकारने 2024-25 साठी मालदीवला जो कोटा मंजूर केला त्यात कांदा 35 हजार टनांच्या वर होता आणि डाळ फक्त 224 टन! त्यावरून तिथे डाळीला कोण विचारतं ते समज. फौजदारी डाळीची आठवण आली की मी माझी एक किलो तूर काटकसरीने पुरवतो. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ नेऊन बघितलं, दमट हवेत लवकर खराब होतं. ज्वारीचे पापड, बिबड्या मात्र टिकतात, डब्यात घट्ट बंद करून ने.

डुकराचं मांस आणि दारू नेता येत नाही, ते तुला कुणीही सांगेल. पूजेच्या मूर्तीही कस्टमला चालत नाहीत. आईने पिशवीत घातलेले देवांचे टाक मी निघण्याआधीच देव्हाऱ्यात परत ठेवले. ती दोन दिवस बोलली नाही. सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे श्रावणात कानबाईच्या सणाच्या रविवारी इथे घरी नैवेद्याचे रोट होत होते आणि मी नववीला वर्गसमीकरणं शिकवत होतो. रमजानात दिवसा चारचौघांत पाणीसुद्धा पिऊ नये. हे नियम जाचक वाटणार असतील तर जाऊ नकोस, त्यात लाज काही नाही. मला सवय झाली, पण आवडले असं म्हणणार नाही.

संध्याकाळी मात्र जीव रमतो. बंदराजवळ दोरीच्या जाळीच्या बैठका असतात, जोआली म्हणतात, तिथे सगळं गाव टेकतं. घराघरांत झाडाखाली लाकडी झोपाळा, उंधोली. आपल्या आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा झोका जणू तिथे वर्षभर उतरवतच नाहीत. कुणी वाटेत थांबवून ताजा मासा हातात देतं. गणिताचे सर कुठे गेले, काय घेतलं, कुणाशी बोलले, हे बेटभर माहीत. एकांत मिळेल असं वाटत असेल तर ते विसर. एकटेपणा मिळेल, एकांत नाही.

वर्गाबद्दल तुला काळजी वाटते ना? पोरं आपापसांत तिथली भाषा धिवेही बोलतात, थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि गणित इंग्रजीत शिकतात. पाठीमागच्या बाकावरचा पोरगा मान हलवतो पण त्याला शब्दगणितातलं वाक्यच कळलेलं नसतं. हे तुला नवीन आहे का? धडगावच्या आश्रमशाळेत पावरी बोलणाऱ्या पोरांना मराठी पुस्तकातून तू हेच करतोयस की! तिथेही तू परका मास्तरच आहेस, फक्त पासपोर्ट लागला नाही. पोरांच्या तोंडाकडे बघून कळलं की नाही ते ओळखायची जी सवय तुला लागलीय, ती मालेत उतरणाऱ्या कितीतरी डिग्रीवाल्यांकडे नसते. माझं मत विचारशील तर, जा. पण दोन वर्षांसाठी जा, आणि वहिनींना नीट सगळं सांगून जा.

पदव्यांचं अटेस्टेशन आणि पोलिसांचा दाखला आताच काढायला घे, वेळ खातात. एजंटला सही होण्याआधी रोख एक रुपया देऊ नकोस. शाळेचं पत्र आलं की मला पाठव, मी ओळखीच्या सरांना विचारून खातरजमा करतो.

येत्या रविवारी मळ्यात भरीत आहे, वांगी बामणोदची आणलीत. करार घेऊन ये, दोघं मिळून वाचू.

तुझा,
मास्तर