पाववाल्या भाऊंचे जाहीर आभार

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तोंडावर चार शब्द बोलायला गेले की तुम्ही "असू दे ओ वैनीनू" म्हणता, भोंगा वाजवता आणि पुढच्या वाडीला निघता. म्हणून तुम्ही माझ्या मुलीला मोटारसायकल शिकवलीत त्याबद्दल हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, घालायचं नाही असं तुम्हीच बजावलंय. पण देवगड तालुक्यातल्या आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या माळावर, पहाटे ज्यांच्या दारात तुमचे पाव येतात त्यांना कळेलच कोणाबद्दल आहे ते. कळू दे.

परवा रात्री माझी मुलगी एकटी मोटारसायकल घेऊन एका गाईसाठी गेली. गाईचं पोट फुगलं होतं. पोटफुगी वाढली की जनावराला श्वास घेता येत नाही, वेळेत कोणी पोचलं नाही तर काही तासांत ते जातं. शेवटची एसटी निघून गेलेली. त्या वाडीकडे उतरणाऱ्या घाटीत रात्रीचा रिक्षावाला यायला तयार नव्हता. हिने हेल्मेट घातलं, औषधांची पिशवी मागे बांधली आणि निघाली. पाऊस भुरभुरत होता. "आई, पोचले" असा फोन आला, आणि मध्यरात्र उलटल्यावर दुसरा, "गाय उठली गं, रवंथ करायला लागली." तो फोन ठेवल्यापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात आहे. गाईच्या मालकाने माझ्या मुलीला हात जोडले म्हणे. मी मनातल्या मनात ते तुम्हाला जोडले.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. माझी मुलगी २६ वर्षांची आहे, पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे गुरांवर उपचार आणि रेतन करणारी, म्हणून नोकरीला लागली. गुरांच्या दवाखान्यात बसून हे काम होत नाही. गाय सकाळी माजावर आली तर त्याच संध्याकाळी रेतन करायचं, म्हणजे ती गाभण राहावी म्हणून वीर्य सोडायचं, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ती वेळ हुकली की साधारण तीन आठवडे थांबायचं, आणि तेवढे दिवस त्या घरचं दूध पुढे गेलं. आमच्याकडे वाड्या अशा विखुरलेल्या की एक सड्यावर, दुसरी खाली खाडीला, तिसरी ओढ्यापलीकडे. एसटी सकाळ-संध्याकाळ. गाईचा माज एसटीच्या वेळापत्रकाने येत नाही. शिवाय सोबत गोठवलेलं वीर्य ठेवायचं द्रव नायट्रोजनचं भांडं, आत उणे १९६ अंश तापमान, ते कलंडू द्यायचं नाही. हे सगळं घेऊन तिने कोणाकोणाच्या मागे बसून जायचं?

घरात गाडी होती. ह्यांची जुनी स्प्लेंडर, पडवीत झाकून ठेवलेली. हे मुंबईला नोकरीत, गणपतीत आणि मे महिन्यात गावी येतात तेव्हा चालवतात. "तीच शिकू दे तिला," असं ह्यांनी फोनवर सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. मग लोक सुरू झाले. एका जवळच्या नातेवाइकाने विचारलं, "मुलीच्या जातीला गिअरची गाडी कशाला?" दुसऱ्याने सांगितलं की लग्न झालं की नवरा फिरवील. स्कूटी घ्या, हा सल्ला तर ज्याने त्याने दिला. स्कूटीबद्दल माझा राग नाही, शहरात उत्तम. पण तिची चाकं दहा-बारा इंची, स्प्लेंडरची अठरा इंची. आमच्या पाणंदीतून, चिऱ्याच्या खडबडीत रस्त्याने, पावसात पडलेल्या खड्ड्यांतून कोणतं चाक निघेल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

तालुक्याच्या गावी एक गाडी शिकवण्याचा वर्ग लावला. फी आगाऊ भरली. तिथल्या शिकवणाऱ्याबद्दल फार लिहिणार नाही, पण थोडं लिहिणारच. तो माझ्या मुलीच्या मागे बसायचा आणि तिच्या हातांवर आपले हात ठेवून हँडल धरायचा. ती म्हणाली, "हात काढा, मी धरते." तर म्हणाला, "मग पडशील." तिने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा गाडीवरून उतरली. मी विचारायला गेले तर चार माणसांसमोर मला ऐकवलं, "तुमच्या मुलीच्या डोक्यात गिअर शिरत नाहीत, तिला हे जमायचं नाही." जी मुलगी रात्री कंदिलाच्या उजेडात अडलेल्या गाईचं वासरू सोडवते, तिच्या डोक्यात चार गिअर शिरत नाहीत! भाऊ, तो शब्द माझ्या काळजात आजही रुतून बसलाय. माझ्यापेक्षा तिच्या जास्त. त्यानंतर कितीतरी दिवस ती पडवीतल्या गाडीकडे बघायचीसुद्धा नाही.

मग तुम्ही आलात. म्हणजे रोजचेच आलात, पाव घेऊन. गाडीवरचं झाकण तसंच बघून विचारलंत, "चेडू शिकता होता ना? काय झाला?" मी सांगितलं. तुम्ही कोणाला शिव्या दिल्या नाहीत, हळहळलात नाहीत. एवढंच म्हणालात, "सांजचो फेरो झालो की सड्यार येतंय. तिका सांगा, आणि तुमी पण येवा."

"तुमी पण येवा." हे मी तेव्हा नुसतं ऐकलं होतं. नंतर लक्षात आलं की पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही तिला एकटीला कधी बोलावलं नाहीत, आणि तिच्या मागे एकदाही बसला नाहीत. तुम्ही बाजूने चालायचात. मग ती जरा वेग घ्यायला लागल्यावर आपल्या गाडीवरून बाजूने यायचात, हातभर अंतर ठेवून. असं वागा म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला कळलं ते त्या वर्गवाल्याला कळलंच नव्हतं. त्याच्या गाडीचा पहिला गिअर खाली दाबून आणि बाकीचे वर उचलून पडायचे. आमच्या स्प्लेंडरचे चारही पुढे दाबून पडतात, मागे यायचं तर टाचेने मागचा दांडा दाबायचा. ही बिचारी चढावर गाडी दमली की गिअर कमी करायचा म्हणून सवयीने पुढे दाबायची, आणि गिअर वाढायचा. गाडी जागच्या जागी बंद. घरी सराव करताना रोज हेच व्हायचं आणि तिला वाटायचं, खरंच आपल्याला जमत नाही. तुम्ही तिचा पाय बघितलात, हसलात आणि म्हणालात, "तुझी चूक नाय गो. थयसर शिकवलेला विसर. ह्या गाडयेक सगळे गिअर फुडे." तिच्या चेहऱ्यावरून केवढं ओझं उतरलं ते मी पाहिलं आहे.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. ते तुम्हाला कदाचित आठवतसुद्धा नसेल.

एका संध्याकाळी ती पडली. सड्यावरच्या वळणाला जांभ्याची बारीक खडी होती, तिथे तिने पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी डाव्या अंगावर गेली. कोपर सोललं. तिथे क्रिकेट खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. मी धावले. तुम्ही माझ्या आधी पोचला होतात. तुम्ही चावी बंद केलीत आणि म्हणालात, "आधी तू उठ. गाडी खय पळान जाता?" त्यापलीकडे गाडीला तुम्ही हात लावला नाहीत. ती उठली, कपडे झटकले, आणि तिचे डोळे भरून आले. दुखलं म्हणून नव्हे, ती दुखण्याला रडणारी नाही. सगळ्यांसमोर पडले म्हणून. आता ही रडणार आणि ही पोरं बघणार, आणि पुन्हा ती गाडीला हात लावणार नाही, हे मला दिसत होतं आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

तेव्हा तुम्ही तिच्याकडे पाठ केलीत. आपल्या गाडीकडे गेलात. मागच्या क्रेटवर निळी ताडपत्री होती, तिची दोरी घट्ट बांधलेली होती, मी अगदी शेजारीच उभी होते, मला दिसत होतं. ती दोरी तुम्ही सोडलीत. ताडपत्री उचललीत, आतली खारीची आणि टोस्टची पाकिटं उगाचच इकडची तिकडे केलीत, पुन्हा ताडपत्री ओढलीत आणि दोरीची एकेक गाठ सावकाश मारत बसलात. मध्येच पोरांना ओरडलात, "ए, खारी होई काय रे?" आणि ती सगळी तुमच्याभोवती गोळा झाली. एकही पोरगा मग तिच्याकडे बघत नव्हता. माझी मुलगी तेवढ्यात ओढणीने डोळे पुसून मोकळी झाली. शेवटची गाठ मारून तुम्ही वळलात आणि जसं काही झालंच नाही अशा आवाजात म्हणालात, "चल, आता गाडी उभी करूक शिकवतंय."

भाऊ, मी त्या दोरीसाठी हे पत्र लिहिते आहे. बाकी सगळ्याची किंमत कधीतरी काढता येईल, पेट्रोलची, तुमच्या संध्याकाळच्या वेळेची. ह्याची नाही.

गाडी उभी करायला मग तुम्ही खरंच शिकवलंत. हँडल पूर्ण वळव, सीटला पाठ टेक, गुडघ्यात वाक आणि पायांनी रेट, कमरेने उचलू नको. ११२ किलोची गाडी आणि माझी बारीक अंगाची मुलगी. पहिल्यांदा नाही जमलं. पोरं मदतीला धावली तर तुम्ही हात आडवा धरलात, "तिका करू दे." जमलं तेव्हा ती जी हसली, ते हसू मी तिच्या नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

पुढचं भराभर झालं. उतारावर क्लच दाबून गाडी सोडू नको, गिअरातच उतरव. मासळीचा टेम्पो पुढे गेला असेल तर त्याचं पाणी रस्त्यावर सांडलेलं असतं, तिथे वळणात ब्रेक नको. समुद्राकडच्या रस्त्यावर वाळू येते ती दिसत नाही, वेग आधीच कमी कर. मृगाचा पहिला पाऊस पडला की सगळ्यात जास्त बुळबुळीत, रस्त्यावरची धूळ आणि तेल वर येतं. हे कुठल्या वर्गात शिकवतात? वर्षानुवर्षं पहाटेच्या काळोखात मागे क्रेट बांधून ह्याच रस्त्यांनी फिरलेला माणूसच हे सांगू शकतो. नायट्रोजनचं भांडं उभं कसं बांधायचं तेही तुम्हीच दाखवलंत, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या होत्यात. त्या पट्ट्या अजून गाडीला आहेत.

आणि तो दिवस, जेव्हा मागे वजन घेऊन चालवायला शिकायचं होतं. तुम्ही घरून दुसरं हेल्मेट आणलंत आणि ते माझ्यापुढे धरलंत. "वैनीनू, तुमी बसा मागे. हात तुमच्या गुडघ्यार ठेवा, तिच्या खांद्यार नको." मी बसले. चढ आला, गाडी थरथरली, तिने टाचेने गिअर कमी केला, गाडीने ओढ घेतली. माझे हात गुडघ्यांवर होते. आई म्हणून मुलीसाठी जन्मभर खूप केलं, राबले, भांडले, रात्री जागले. पण तिच्या मागे हात आवरून नुसतं बसायचं, तिला माझा भार जाणवेल पण भीती जाणवणार नाही असं, हे मला तुम्ही शिकवलंत.

परवाना ओरोसला, जिल्ह्याच्या गावी, जाऊन मिळाला. आठचा आकडा तिने पाय न टेकता काढला, एवढं पुरे.

आपल्याकडे चांगुलपणाची चर्चा झाली की लोक मोठी नावं घेतात, देणग्या, सत्कार, शाली. मला आता तसं वाटत नाही. समोरच्याची लाज राखणं ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. शिकणाऱ्याला कमी न लेखणं, बाईमाणसाशी अंतर ठेवून वागणं आणि त्याचा गाजावाजा न करणं. ज्याने फी घेतली त्याच्याकडे ह्यातलं काहीच नव्हतं. तुमच्याकडे पाट्या नाहीत, बोर्ड नाही, आणि हे सगळं आहे. गावोगाव अशी माणसं असतील. त्यांच्या वाट्याला असं एक पत्र तरी यावं असं मला मनापासून वाटतं.

तिने पहिल्या पगारातून पाकीट दिलं ते तुम्ही परत केलंत. ठीक आहे, पैशाचं पुन्हा काढणार नाही. पण येत्या रविवारी ती तुमच्या शेळ्यांना जंताचं औषध पाजायला येते आहे आणि मी तिच्या मागे बसून येते आहे. घरी राहा, वहिनींना सांगून ठेवा. येताना कुळथाचं पीठ आणि घरची कोकमं आणते, ती मात्र परत करायची नाहीत. आणि गणपतीत आमच्याकडच्या पावांची संख्या वाढवून घ्या. हे येणार आहेत, त्यांना तुम्हाला भेटायचंय.

आपली,
सड्यावरच्या वळणाकडच्या घरातली वहिनी